पहिलीच्या ॲडमिशनआधी गल्लीतल्या आयांनी काय करायचं

जूनमध्ये पोरगं पहिलीला जाणार असेल तर एप्रिलपासूनच लागा कामाला. २०२२ पासून आपल्याकडे झेडपी शाळांत 'पहिलं पाऊल' हे शाळेआधीच्या तयारीचं अभियान चालू आहे, त्यात दोन मेळावे असतात, एक साधारण एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना, तिथं ७ स्टॉल असतात, पोराला उड्या मारायला लावतात, रंग ओळखायला, चित्र बघून गोष्ट सांगायला वगैरे, आणि सगळं एका कार्डावर लिहून देतात. ते कार्ड जपून ठेवा, जूनला परत तेच बघतात.

पण खरं काम दोन मेळाव्यांच्या मधल्या उन्हाळी सुट्टीतलं. वाडीतल्या चार-पाच आयांचा गट करा, आठवड्यातून एकदा कुणाच्यातरी ओट्यावर बसा. मटकी आणि शेंगदाणे मिसळून द्यायचे, वेगळे करू दे. चपात्या मोजायला लावा, भाजी निवडताना लहान-मोठं विचारा, चप्पल स्वतःची स्वतः घालू दे (उलटी घातली तरी ओरडू नका हो). अबकड घोकून घ्यायची घाई अजिबात नको, आधी बोलू दे भरपूर, घरची बोली असली तरी चालतंय. आज्यांना पण बोलवा, गोष्टी त्यांनाच येतात. आणि बाबा लोक नुसते फोटो काढायला येतात, त्यांना सतरंजी उचलायला लावा.