केंद्राची ऑर्डर हवी असेल तर आधी जवळचा खरेदीदार शोधा

केंद्र सरकारची खरेदी म्हटलं की लहान कारखानदाराला दिल्ली आठवते. प्रत्यक्षात ऑर्डर काढणारा अधिकारी बऱ्याचदा आपल्याच किंवा शेजारच्या जिल्ह्यात बसलेला असतो. भुसावळ आणि सोलापूरची रेल्वे मंडळं, वरणगाव आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणी, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नागपूरची वेकोलि ही कोळसा कंपनी, गावोगावची केंद्रीय विद्यालयं आणि टपाल खातं, ही सगळी केंद्राची गिऱ्हाइकं. कपाटं, नट-बोल्ट, गणवेश, रंग, झाडू, सगळं त्यांना लागतं. परराज्यातला पुरवठादार हजार किलोमीटरचं भाडं धरून भाव भरतो, तुम्ही टेम्पोचं धरता. लहान उद्योगाची खरी ताकद इथे आहे.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीपासून करा. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन आणि फुकट होते. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. व्यवसायाचा प्रकार आणि एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, मात्र सावकाश निवडा. घाईत ‘ट्रेडिंग’ पडलं की पुढचं सगळं बिघडतं, कारण २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातल्या सवलती माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांनाच मिळतात. व्यापाऱ्याला नाही, मध्यम उद्योगालाही नाही. या धोरणानुसार केंद्राची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून.

मग जेम (GeM) या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी करून उद्यम क्रमांक जोडा. पॅन, उद्यम, जीएसटी आणि बँक खातं या चारही ठिकाणी फर्मचं नाव अक्षरन्‌अक्षर एकच हवं. एकीकडे ‘इंडस्ट्रीज’ आणि दुसरीकडे ‘इंडस्ट्रियल वर्क्स’ असेल तर पडताळणी तिथेच अडते. रेल्वेची मोठी खरेदी आयआरईपीएस या वेगळ्या पोर्टलवरही निघते. तिथे क्लास-३ डिजिटल सही लागते, ती आधीच काढून ठेवा.

जेमवर ५० हजारांपर्यंतची खरेदी अधिकारी थेट करू शकतो. त्यापुढे १० लाखांपर्यंत किमान तीन उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी भावाचा घेता येतो, आणि त्याहून मोठ्या खरेदीला बिड (ऑनलाइन निविदा) किंवा रिव्हर्स ऑक्शन (भाव उतरवत नेण्याचा लिलाव) लागतं. म्हणून नवख्याने आधी आपला कॅटलॉग नीट लावावा. चुकीच्या कॅटेगरीत टाकलेला चांगला मालही कुणाला दिसत नाही.

बिड उघडलं की किमतीच्या रकान्याकडे धावू नका. आधी माल कुठे, किती आणि किती दिवसांत पोचवायचा ते बघा. मग अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट आहे का ते बघा. ती देणं खरेदीदाराच्या हातात असतं आणि प्रत्येक बिडमध्ये ते वेगळं असतं. शेवटी खरेदीदाराने स्वतः जोडलेल्या जादा अटी वाचा. नमुना आधी दाखवणं, ठरावीक प्रयोगशाळेचा अहवाल, स्वदेशी घटकांचं प्रमाणपत्र हे सगळं तिथेच दडलेलं असतं. लहान उद्योग भावात हरण्याआधी तांत्रिक छाननीतच बाद होतात, ते इथलं एखादं कागदपत्र राहिल्यामुळे. बाद ठरवलं आणि ते चूक वाटलं तर पोर्टलवर ४८ तासांत आक्षेप घेता येतो, त्यामुळे छाननीच्या दिवसांत पोर्टल रोज उघडा.

बिडसोबत भरायची अनामत लहान उद्योगाला माफ आहे म्हणून बँक गॅरंटीही माफ, असं समजू नका. ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स गॅरंटी, बिडमध्ये मागितली असेल तर, लहान उद्योगालाही द्यावी लागते. साधारण ३ ते ५ टक्के. वॉरंटी संपेपर्यंत तेवढी एफडी अडकून राहते.

आता भाव. समजा ६० स्टीलची कपाटं द्यायची आहेत: नाशिकरोडला २०, भुसावळला २५, सोलापूरला १५. कारखाना नाशिकला. एक कपाट बनवायला ९,००० रुपये. भाडं आणि हमाली नाशिकरोडला २५०, भुसावळला ४५०, सोलापूरला ७००, सरासरी ४४६. पैसे यायला तीन महिने धरा, महिना १ टक्का व्याजाने सुमारे २८०. झाले ९,७२६. त्यावर ७०० नफा आणि १८ टक्के जीएसटी धरून भाव येतो सुमारे १२,३००. पोर्टलवर कर आणि भाड्यासकट हाच आकडा भरायचा. नफा शून्य केला तर ११,४८०. हा तळ कागदावर लिहून समोर ठेवा आणि मगच रिव्हर्स ऑक्शनला बसा. शेवटच्या मिनिटांत आकडे भराभर उतरतात, तेव्हा मनातला हिशोब टिकत नाही.

याच उदाहरणात एखाद्या मोठ्या कंपनीने ११,८०० भरून एल-वन, म्हणजे सर्वांत कमी भावाचा पहिला क्रमांक, मिळवला असं समजा. तुमचे १२,३०० तिच्या १५ टक्क्यांच्या आत आहेत, म्हणून तिचा भाव मान्य करून बिडमध्ये ठरवलेला वाटा, बहुधा २५ टक्के म्हणजे १५ कपाटं, घेण्याची संधी तुम्हाला मिळते. एल-वन स्वतः लहान उद्योग असेल तर ही संधी नसते. ११,८०० मधून कर वजा केला की १०,०००, म्हणजे ९,७२६ चा खर्च जाऊन कपाटामागे २७४ रुपये नफा. पण ती १५ कपाटं सोलापूरच्या वाट्याची निघाली तर भाडं सरासरीपेक्षा २५४ ने वाढतं आणि हाती उरतात २०. पहिली ऑर्डर म्हणून, पुढे अनुभव दाखवायला, ती घ्यावीही. दुसऱ्यांदा घेऊ नये.

बिडमध्ये संख्या २५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा अधिकार खरेदीदाराने बऱ्याचदा ठेवलेला असतो, आणि वाढीव मालही जुन्याच भावात द्यावा लागतो. म्हणून पत्र्याचा भाव व्यापाऱ्याकडून ७५ कपाटांसाठी बांधून घ्या. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के कापले जातात.

माल पोचला की काम संपलं असं समजून टेम्पो परत पाठवू नका. चलनावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख आणि नग मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. बिल जेमवर तयार करा; नुसतं कारखान्याचं बिल चालत नाही. माल मिळाल्यावर कन्साइनीने, म्हणजे माल घेणाऱ्या अधिकाऱ्याने, १० दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी, काढायचं असतं, आणि तिथून पुढे १० दिवसांत पैसे यायचे असतात. अडतं ते बहुतेक या प्रमाणपत्रापाशी. संबंधित अधिकारी रजेवर किंवा बदलीवर असला तर त्याच्या जागी कोण, हे माल पाठवण्याआधीच फोन करून विचारून घ्या.

पैसे रखडले तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा, २००६ कामाला येतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो, आणि त्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे रखडवता येत नाहीत. रखडले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. लेखी मागणी करूनही पैसे आले नाहीत तर आपल्या विभागाच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. सोबत जोडायची ऑर्डर, बिल आणि ते शिक्क्याचं चलन.