गॉगलची काच घरी कापून बसवणे: मिनी ग्राइंडरवरचं काम

गॉगलची फ्रेम चार-पाच वर्षं टिकते, काच मात्र एका उन्हाळ्यात जाते. मोटारसायकलवर फुफाटा बसतो, आपण ती काच दुपट्ट्यानं कोरडीच पुसतो आणि धुळीतली वाळू ओरखडे पाडते. तालुक्याच्या दुकानात नेहमीच्या साच्याबाहेरची फ्रेम नेली की "नवीनच घ्या" असं उत्तर मिळतं. हातात मिनी ग्राइंडर (छोटी डिस्क किंवा ड्रम वेगानं फिरवणारं हातातलं मशीन) असेल आणि घाई नसेल, तर त्याच फ्रेमला नवी काच घरी बसवता येते.

हे काम बिननंबरी गॉगलचं आहे. नंबरच्या काचेचा मध्यबिंदू बुबुळासमोर यावा लागतो, त्यामुळे ती घरी कापू नका. खऱ्या काचेलाही हात लावू नका. दातावर हळूच टिचकवल्यावर खणखणीत वाजली आणि गालाला गार लागली, तर ती खरी काच आहे. खाली 'काच' म्हटलंय ते सगळं प्लास्टिकच.

काच निवडताना

ठोक दुकानात न कापलेल्या गोल काचेला 'ब्लँक' म्हणतात. व्यास ६५, ७० किंवा ७५ मिमी, जाडी साधारण २ मिमी. फ्रेमच्या काडीवर आत ५५□१७ असं काही छापलेलं असतं. त्यातले ५५ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १७ म्हणजे नाकावरचं अंतर. जुन्या काचेचं तिरकं सगळ्यात लांब माप घ्या आणि ब्लँक त्याहून किमान ४ मिमी मोठी घ्या. ५५ च्या फ्रेमला ७० ची ब्लँक निवांत पुरते.

प्लास्टिक दोन तऱ्हेचं मिळतं. सीआर-३९ वितळत नाही, घासलं की पांढरं पीठ पडतं. शिकणाऱ्यानं हेच घ्यावं. पॉलीकार्बोनेट फुटत नाही म्हणून रस्त्यावर चांगलं, पण साधारण १५० अंशांना नरम पडतं, आणि फिरत्या मशीनखाली एवढी उष्णता क्षणात तयार होते. त्यावर हात बसवायचा असेल तर घरातल्या जुन्या सीडी काढा. त्या पॉलीकार्बोनेटच्याच असतात. दोन-तीन सीडी कापून-घासून झाल्याशिवाय विकतच्या ब्लँकला हात लावू नका.

रंगाचं म्हणाल तर कॅटेगरी ३ मागा. त्यातून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो आणि चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यालाही तेवढं पुरे. कॅटेगरी ४ फक्त ३ ते ८ टक्के उजेड सोडते, ती लावून गाडी चालवायची नसते. रंगापेक्षा यूव्ही-४०० महत्त्वाचं, म्हणजे उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण अडवणारी काच. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत घेते, म्हणजे यूव्ही न अडवणारी गडद काच बिनगॉगलपेक्षा वाईट. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं, पैसे देण्याआधी त्यावर धरायला सांगा.

आता गोलाई. इथेच निम्मी कामं फसतात आणि दोष कापणाऱ्याच्या हाताला जातो. ब्लँकवर ४, ६ किंवा ८ बेस लिहिलेलं असतं. ५३० ला त्या आकड्यानं भागा, म्हणजे गोलाईची त्रिज्या मिमीमध्ये येते: ६ बेसची साधारण ८८, ८ बेसची ६६. जुनी काच ब्लँकच्या फुगीर बाजूवर ठेवून बघा. डुगडुगली तर ब्लँक जास्त गोल आहे. कडा टेकल्या आणि मध्ये फट दिसली तर ब्लँक जास्त सपाट आहे. सपाट काच गोल फ्रेममध्ये दाबून बसवली तर काचेभोवतीची रिंग उघडते, काड्या फाकतात आणि चार दिवसांत काच बाहेर पडते. हेल्मेटचा व्हायझर कापून काच करायचा मोह टाळा. तो एकाच दिशेनं वाकलेला असतो, खाचेत सगळीकडून बसत नाही.

साचा आणि खुणा

जुनी काच असेल तर तीच साचा. नसेल तर जुनी एक्स-रे फिल्म घ्या, कागदापेक्षा ताठ असते आणि कड चुरगळत नाही. फ्रेमच्या रिंगमधून आतली कड आखा आणि खाचेत जाणाऱ्या भागासाठी चौफेर ०.५ मिमी वाढवा. एका बाजूचा साचा उलटला की दुसऱ्या बाजूचा तयार होतो. साच्यावर 'नाक' आणि 'वर' लिहून ठेवा. दोन्ही काचा उजव्याच कापून बसणारे कमी नाहीत.

ब्लँकच्या दोन्ही बाजूंना रंगकामाची कागदी टेप लावा. सेलोटेपचा चिकटा आरशासारख्या कोटिंगला ओढून काढतो. पोलराइज्ड (पाण्या-रस्त्यावरची चमक कापणाऱ्या) ब्लँकच्या कडेला समोरासमोर दोन खुणा असतात, त्यांना जोडणारी रेघ काचेत आडवी राहिली पाहिजे. खुणा नसतील तर टबात पाणी भरून उन्हात ठेवा आणि तिरकं बघत ब्लँक डोळ्यासमोर फिरवा. पाण्यावरची चमक जिथे सगळ्यात कमी होईल, तिथे आडवी रेघ मारा. दोन डोळ्यांच्या रेघा वेगळ्या पडल्या तर एका डोळ्याला चमक दिसते, दुसऱ्याला नाही, आणि डोकं दुखायला लागतं.

कापणं थोडं, घासणं फार

मशीन हातात धरून काचेवर चालवू नका. मशीन व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंजात) कापडात गुंडाळून घट्ट आवळा, तिच्या हवा खेळायच्या फटी मोकळ्या ठेवा आणि काच दोन्ही हातांत धरून तिच्याकडे न्या. पारदर्शक सुरक्षा चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच. गळ्यातला दुपट्टा, हातमोजे, सैल बाही काढून ठेवा. ओट्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसलं की पीठ तोंडावर येत नाही.

सीआर-३९ साठी पातळ कटिंग डिस्क चालते. साचा ठेवून टेपवर आखलेल्या रेघेच्या बाहेर दीड मिमी ठेवून आठ-दहा सरळ काप घ्या. वळणावर डिस्क वळवायला गेलात तर ती अडकते आणि कडेचा टवका निघतो. पॉलीकार्बोनेटला डिस्क लावूच नका, वितळलेलं प्लास्टिक मागे परत चिकटतं. त्याला बारीक दात्यांची हॅक्सॉ ब्लेड बरी. पातळ, एक मिमीच्या आसपासची थरांची पोलराइज्ड काच कात्रीनं कापता येते खरी, पण कडेचे थर सुटतात आणि पुढे त्यात पाणी शिरतं.

मग १२-१३ मिमीचा सँडिंग ड्रम (सँडपेपर गुंडाळलेला छोटा रूळ), आधी ६० किंवा ८० नंबरच्या दाण्याचा. सीआर-३९ ला मिनिटाला १२,००० फेरे पुरे, पॉलीकार्बोनेटला ५,००० ते ८,०००. काच सतत सरकती ठेवा, दर दहा-पंधरा सेकंदांनी पाण्यात बुडवा आणि पुसून मगच परत लावा. ओल्या हातानं मशीन धरायचं नाही. ड्रमवर गोळे चिकटले किंवा कडेला पांढरे दोरे लोंबले तर वेग जास्त आहे किंवा दाब जास्त आहे. शेतीपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतं आणि मशीन मंदावते. तेव्हा जोर वाढवू नका, थांबा. रेघेबाहेर अर्धा मिमी उरला की १२० चा ड्रम घ्या आणि पाव मिमी उरला की मशीन बंद करा.

पुढचं काम हातानं. जाड सपाट खऱ्या काचेच्या तुकड्यावर ३२० चा वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) ठेवा, ओला करा आणि फ्रेमच्या खाचेत बसावी म्हणून कडेला व्ही आकार द्या. काच आधी एकीकडे ३० अंश, मग दुसरीकडे ३० अंश तिरपी धरली की साधारण १२० अंशांचा व्ही होतो. व्हीचं टोक मधोमध नको, पुढच्या बाजूपासून एक तृतीयांशावर ठेवा, म्हणजे २ मिमी काचेत सुमारे ०.७ मिमीवर. मधोमध ठेवलं तर काच फ्रेमच्या पुढे डोकावते. शेवटी ४०० च्या पेपरनं धारा मोडा, नाहीतर गालाला कापेल.

बसवताना

धातूच्या फ्रेमचा कडेचा स्क्रू सोडा, काच ठेवा, रिंग मिटवा. स्क्रूपाशी समजा १ मिमी फट राहिली. इथे हात घाई करतो, चौफेर एक मिमी घासून टाकतो आणि काच खुळखुळते. हिशेब असा आहे की परिघातला १ मिमी म्हणजे चौफेर फक्त ०.१६ मिमी. म्हणजे ३२० च्या पेपरवर थोडं घासायचं, परत लावून बघायचं. पाच-सहा वेळा तपासावं लागतं, लागू द्या. कुठे अडतंय ते कळत नसेल तर खाचेत मार्करची शाई लावा. जिथे ती काचेवर उमटेल, तिथेच घासा.

स्क्रू दोन बोटांनी पेचकस फिरवून मिटला पाहिजे आणि काच अंगठ्यानं फिरता कामा नये. जोरानं आवळलेली काच हिवाळ्यात टिकते, एप्रिलमध्ये कडेला चिरते. कारण पॉलीकार्बोनेट स्टीलपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. तापमान ४० अंशांनी चढलं, तर ५५ मिमीची काच रिंगपेक्षा सुमारे ०.१ मिमी जास्त वाढते. ताण बघायचा असेल तर लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, साधी (पोलराइज्ड नसलेली) काच बसवलेली फ्रेम समोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. कडेला इंद्रधनुषी पट्टे दाट दिसले तर स्क्रू सोडून अजून थोडं घासा.

जाड अॅसिटेटच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) फ्रेमला स्क्रू नसतो. ती गरम करून ताणावी लागते. तव्यात बारीक मीठ गरम करा, चिमूटभर टाल्कम पावडर मिसळा म्हणजे ते फ्रेमला चिकटत नाही. रिंग मिठात फिरवा. लवचीक झाली की काच समोरून घाला, आधी कानाकडची कड, मग नाकाकडची. हाताला चटका बसेल इतकं मीठ तापवलं तर फ्रेमवर फोड येतात. नायलॉनच्या लवचीक फ्रेमला गरम पाणीच पुरतं. खालून दोरीवर टांगलेल्या अर्ध्या फ्रेमच्या काचेला व्हीऐवजी खाच पाडावी लागते, ते काम दुकानातल्या मशीनचं.

काच किंचित लहान झालीच, तर मासेमारीची ०.३ मिमीची नायलॉन दोरी खाचेत अंथरा आणि तिच्यावर काच बसवा. त्याहून जास्त फट असेल तर नवी ब्लँक घ्या. मार्करच्या खुणा पुसायला पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर पॉलीकार्बोनेटला लावू नका, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. टेपवर खुणा केल्या असतील तर टेपसोबतच त्या जातात. उरलेलं पीठ आधी वाहत्या पाण्यात धुवा, मग साबणाचं बोट फिरवा, आणि पुसायला सुती कापड घ्या.