बालशिक्षणात येताना : कोर्स, काम आणि नेमणूक

बालशिक्षणात येऊ पाहणाऱ्या मुली मला बहुधा कोर्सविषयीच विचारतात. मी मात्र आधी त्यांना कोणत्या पदावर काम करायचे आहे ते विचारते. अंगणवाडी सेविका, मुख्यसेविका (अनेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका), खासगी बालवाडीची शिक्षिका आणि स्वयंसेवी संस्थेतील प्रशिक्षिका या चौघींचे काम सहा वर्षांखालील मुलांशीच निगडित असते. परंतु पहिलीला मानधन मिळते, दुसरीला वेतनश्रेणी, तिसरीला संस्थाचालक ठरवतील तो पगार, तर चौथीचा करार प्रकल्प संपला की संपतो. मी बालवाडीत शिकवत असताना दूरशिक्षणाने पदविका घेतली आणि पुढे सेविकांच्या प्रशिक्षणाकडे वळले, त्यामुळे हा फरक जवळून पाहता आला.

आपल्याकडे हे काम नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे उभे केले, त्यात परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने करणे आणि शिक्षिका घडवणे या दोन्ही गोष्टी होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्याकडे पाठवणे), आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीत एकत्र आल्या.

नवख्या व्यक्तीने नीट समजून घ्यावी अशी अडचण इथेच आहे. मुलाचे वजन-उंची, आहारवाटप आणि हजेरी यांची नोंद पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर करावी लागते, ती राहिली तर वरून विचारणा होते; मात्र सकाळी गोष्ट सांगितली की नाही, चार वर्षांच्या मुलाने मणी ओवले की नाही, याची विचारणा क्वचितच होते. साहजिकच वेळ कमी पडला की काट मारली जाते ती शिक्षणालाच. ज्या सेविकांच्या अंगणवाडीत दिवसाचा पहिला तास कोणत्याही परिस्थितीत मुलांसाठी राखलेला असतो आणि मोबाइल त्यानंतरच हातात घेतला जातो, त्यांच्याकडे काही आठवडे बसावे. पाठ्यपुस्तकांतून सहसा न मिळणारे वेळेचे नियोजन तिथे दिसते.

दुसरे कौशल्य पालकांशी बोलण्याचे. जवळच्या खासगी नर्सरीत मुले ‘एबीसीडी’ लिहितात आणि आपल्या अंगणवाडीत नुसती खेळतात, ही तक्रार ऐकावीच लागते. त्यावर बालमानसशास्त्राचे व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. पालकसभेत मुलांना डाळी निवडायला, चित्रावरून गोष्ट सांगायला, तालावर टाळ्या वाजवायला लावावे आणि यातून बोटांची पकड, शब्दसंग्रह आणि ध्वनींची जाण कशी तयार होते ते तिथल्या तिथे दाखवावे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल असेल, तर आधी त्याच्या भाषेतले शब्द शिकणे हाही याच कामाचा भाग होय.

आता कोर्सविषयी. इग्नूची बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर नोकरी सांभाळून करता येते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) निकषांनुसारची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका दोन वर्षांची आहे. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने याच विषयात एम. ए. सुरू केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. ही दोन्ही प्रशिक्षणे दूरस्थ पद्धतीने द्यायची असली, तरी महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग घ्यावा असेही त्यात म्हटले आहे, आणि माझ्या मते सगळी भिस्त त्या वर्गावर आहे. कोणताही कोर्स निवडताना मुलांसोबतचे काम किती आणि ते प्रत्यक्ष येऊन पाहणारे कोणी आहे का, एवढे विचारावे. माहितीपुस्तिकेच्या गुळगुळीत कागदावरून ते कळत नाही.

पदविका मिळाली म्हणजे पद सुधारते असे मात्र नाही. सेविकेचे पद नागरी सेवेतील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले. केंद्राने २०१८ मध्ये तिचे मानधन दरमहा ४,५०० रुपये केले आणि त्यावर राज्ये आपापली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदान (ग्रॅच्युइटी) देय असल्याचा निर्णय दिला. प्रशिक्षणाचे तास वाढवायचे आणि मोबदल्याला मानधन म्हणत राहायचे, ही सोय सरकारांना फार मानवलेली आहे.

सेविकेच्या पदासाठी त्याच गावची रहिवासी असण्याची अट असते, त्यामुळे बाहेरगावच्या उमेदवाराने मुख्यसेविकेच्या सरळसेवा भरतीकडे किंवा संस्थांकडे पाहावे. सेविका म्हणून रुजू होणारीने नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल आणि प्रत्येक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून घरी जपाव्यात. मुख्यसेविकेच्या काही जागा अनुभवी सेविकांमधून भरल्या जातात, आणि त्या वेळी तसेच उपदानाच्या दाव्यातही सलग सेवेचा पुरावा मागितला जातो.