रेडवूडच्या जंगलात केबिन घेताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना घेऊन आम्ही कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, रेडवूड या उंचच उंच झाडांच्या जंगलात, जेडेडाया स्मिथ रेडवूड्स स्टेट पार्कमधल्या केबिनमध्ये राहायला गेलो. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातून सकाळी निघालो, तरी पोचेपर्यंत अंधारून आलं. बाबांनी दिवा लावला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "अंथरुणं कुठंयत?" अंथरुणं नव्हतीच. आम्ही 'केबिन' वाचून लॉजची खोली समजलो होतो. गाडीतल्या दोन चादरी आणि सगळ्यांची जॅकेटं यांवर रात्र काढली. सत्तरीच्या माणसाला असं झोपवल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

केबिनला लॉज समजणं

केबिन म्हणजे लाकडी भिंतींचा तंबू, असं मनाशी धरून तयारीला लागा. जेडेडाया स्मिथ आणि प्रेअरी क्रीक स्टेट पार्कमधलं एल्क प्रेअरी या दोन कॅम्पग्राउंडवर प्रत्येकी ४ केबिन आहेत. एका केबिनमध्ये सहा माणसं राहू शकतात. वीज, दिवे आणि हीटर आहे. स्वयंपाकघर नाही, बाथरूम नाही. बाहेर चूल पेटवायची जागा, बार्बेक्यूची जाळी आणि अस्वलांना उघडता येणार नाही अशी खाण्याची पेटी असते. स्लीपिंग बॅग, उशा, भांडी, पाण्याचे कॅन हे सगळं आपणच न्यायचं.

सगळ्या केबिन सारख्याही नसतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळ, माउंट टॅम (टॅमलपायस) डोंगराच्या पायथ्याशी समुद्रावर स्टीप रॅव्हिनच्या केबिन आहेत. तिथे वीजसुद्धा नाही. आत लाकडाची शेगडी आणि झोपायला फळ्यांचे ओटे. खिडकीतून दिसणारा समुद्र डोळ्यांत मावत नाही, पण हेडलॅम्प विसरलात तर रात्री संडासला जाताना पंचाईत होते. घरातलं कुणी रात्री दोनदा उठत असेल तर बुकिंग करतानाच नकाशावर संडास शोधा आणि त्याच्या जवळची केबिन घ्या. आणि वयस्कर माणसांना वरच्या बंकवर चढवू नका.

केबिनमध्ये चहा ठेवणं

पहाटे थंडी असते, बाहेर धुकं असतं, आणि वाटतं की छोटा गॅस आत घेऊन पटकन आल्याचा चहा टाकावा. हे करू नका. केबिनमध्ये स्वयंपाकाला बंदी आहे, आणि आगीखेरीज त्याला आणखी एक कारण आहे. बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही; झोपेतल्या माणसाला कळतही नाही. विझत आलेली कोळशाची शेगडी ऊब यावी म्हणून आत आणून ठेवणं तर जिवावर बेतू शकतं. मोठ्या थर्मासमध्ये रात्रीच उकळतं पाणी भरून ठेवा, सकाळी चहाची सोय होते.

लाकडं घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. सरपणाबरोबर झाडांचे रोग आणि किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 'सडन ओक डेथ' या रोगाने टॅनओक नावाची असंख्य झाडं मारली आहेत.

जुलै म्हणजे उन्हाळा असं धरून कपडे भरणं

आतल्या भागात रेडिंग शहरात पारा चाळिशीवर असतो तेव्हाच किनाऱ्यावर पंधरा अंश असू शकतात. समुद्राचं पाणी गार, आतली जमीन तापलेली, त्यामुळे धुकं आत ओढलं जातं आणि दुपारपर्यंत हटत नाही. पावसाळ्यातलं महाबळेश्वर आठवा. धुकं उंच फांद्यांवर जमतं आणि थेंबथेंब खाली गळतं. कोरड्या उन्हाळ्यात रेडवूडची झाडं या ओलाव्याचा मोठा आधार घेतात. आपले सुती कुर्ते आणि जीन्स मात्र एकदा ओल्या झाल्या की वाळत नाहीत. लोकरी किंवा फ्लीसचे कपडे, वरून वाऱ्यापाण्याला दाद न देणारं जॅकेट, कानटोपी आणि माणशी दोन जादा मोजे घ्या. ऑक्टोबर ते एप्रिल हे पावसाचे महिने.

नावात आणि अंतरात गफलत

सेकोया नॅशनल पार्क वेगळं, ते सिएरा पर्वतात आहे आणि तिथलं झाडही वेगळं. म्यूर वुड्समध्ये रेडवूड आहेत, पण तिथे मुक्काम करता येत नाही, आणि पार्किंगचंही आधी बुकिंग लागतं. उत्तरेकडचा रेडवूड नॅशनल अँड स्टेट पार्क्सचा पट्टा सॅन फ्रान्सिस्कोहून जवळजवळ ३५० मैलांवर आहे. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर आठ-नऊ तास धरा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रविवारी परत, हा बेत इथे चालत नाही. दोनच दिवस असतील तर स्टीप रॅव्हिन किंवा मेंडोसिनोकडचं हेंडी वुड्स बघा.

स्टेट पार्कच्या केबिनचं बुकिंग साधारणपणे सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं. सात पंचावन्नला लॉगिन करून तयार राहा, दोन-तीन पर्यायी तारखा ठरवलेल्या असू द्या. नाही मिळालं तर रद्द झालेल्या केबिनवर लक्ष ठेवा, आठवड्याच्या मधल्या रात्री सुटतात. उन्हाळ्यात प्रेअरी क्रीकमधल्या फर्न कॅनियन या घळीत जायचं असेल तर त्याचा वेगळा परवाना काढावा लागतो.

जुने लेख वाचून बेत आखू नका. बिग बेसिन या रेडवूडच्या स्टेट पार्कमधल्या तंबू-केबिनची शिफारस अजून कुठे कुठे सापडते, पण ऑगस्ट २०२० च्या वणव्यात त्या जळून गेल्या. बिग सरच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या हायवे एकवर २०१७ साली दरड कोसळली तेव्हा रस्ता वर्षाहून जास्त काळ बंद होता. निघायच्या आदल्या दिवशी पार्कचं पान आणि रस्त्यांची स्थिती बघा, नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. झाडांत शिरल्यावर बहुतेक ठिकाणी रेंज जाते.

तीन पानं आणि समुद्राकडे पाठ

पॉइझन ओक ओळखायला शिका. एका देठाला तीन पानं, शरद ऋतूत लालसर होणारी. हे झुडूप आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे, आंबा आणि काजूही त्यातलेच. गावाकडे बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या फोडांची कल्पना येईल. त्याचं तेल कपड्यांना, बुटांच्या नाड्यांना चिकटून राहतं. हात लागल्याची शंका आली तरी लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा.

किनाऱ्यावर फोटो काढताना समुद्राकडे पाठ करू नका. बराच वेळ शांत राहून अचानक खूप आत येणाऱ्या लाटा इथे येतात आणि पाणी इतकं गार असतं की पोहता येणाऱ्याचेही हातपाय गळतात. जमीन हादरली तर सूचनेची वाट न बघता उंचावर जा. १९६४ च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावरच्या क्रेसेंट सिटी गावाचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला होता.

खरकटं

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते, आणि ती आपल्याकडून चांगल्या मनाने होते. त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाल्यावर आईने टेबलाच्या कडेला चिमूटभर पोहे ठेवले. गडद निळ्या अंगाचा, काळ्या तुऱ्याचा एक पक्षी तिच्यापासून दोन हातांवर येऊन बसला होता. साताऱ्यात ती रोज कावळ्याला घास ठेवते, त्याच हाताने तिने इथेही ठेवला.

तो 'स्टेलर्स जे' नावाचा पक्षी, कावळ्याच्याच कुळातला. मार्बल्ड मरलेट नावाचा छोटा समुद्रपक्षी याच जुन्या झाडांच्या उंच फांदीवर, शेवाळाच्या गादीवर एकच अंडं घालतो. तो नेमका कुठे अंडी घालतो हे पक्षीतज्ज्ञांना बराच काळ कळत नव्हतं. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला घरटं सापडलं. आता हा पक्षी धोक्यात आहे. कॅम्पग्राउंडवर सांडलेल्या शेवेने, पोळीच्या तुकड्यांनी स्टेलर्स जे आणि डोमकावळे वाढतात आणि ते जवळपासची अंडी-पिल्लं खातात. एक अंडं गेलं की त्या जोडीचं बहुधा ते वर्ष वाया जातं.

म्हणून चिवडा आणि फरसाण ताटलीत घेऊन खा, मुलांच्या हातात पुडी देऊ नका. भांडी नळाखाली विसळून भात मातीत सोडू नका. गाळून कचऱ्यात टाका. जेवण झालं की सगळं खाणं, टूथपेस्टसुद्धा, त्या लोखंडी पेटीत.

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग ओलं फडकं घेऊन तिने टेबल पुसलं, आणि खाली वाकून फटीत अडकलेले पोहे एकेक करून वेचले.