होबी १६ : शर्यतीआधी डोलकाठी, जिब आणि सुकाणू कसे जुळवायचे

होबी १६ या दोन हलांच्या (लांबट सांगाड्यांच्या) शिडाच्या बोटीला पाण्यात खाली सोडायची पाती नसतात. बाहेरून सपाट, आतून फुगीर असे दोन हलच बोटीला बाजूला घसरू देत नाहीत. त्यांच्या नाळी (पुढची टोकं) बारीक आहेत. जोराच्या वाऱ्यात त्या पाण्यात घुसतात आणि बोट पुढे कोलांटी खाते. म्हणून या बोटीची डोलकाठी बरीच मागे कललेली ठेवतात. कल ठरल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका.

फोरस्टे (काठीला पुढून धरणारी तार) लांब करा आणि दोन्ही श्राउड (काठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा) खालच्या भोकात घ्या. दोन्ही बाजूंना भोक तेच हवं. पिन बदलताना काठी दुसऱ्याने धरलेली असू द्या, आणि वर वीजवाहिनी नाही हे आधी बघा. मग मोठं शीड चढवून मेनशीट (ते आत ओढायची दोरी) पूर्ण ओढा. तिचे वरचा आणि खालचा ब्लॉक (कप्प्या) जवळजवळ टेकले की कल बरोबर. ब्लॉक टेकले तरी शिडाची मागची कड ढिलीच असेल, तर काठी फार मागे गेली आहे. आणखी ओढायला जागाच उरत नाही. श्राउड एक भोक वर घ्या.

काठीला पुढून खरा ताण जिबचा (पुढच्या लहान शिडाचा) हॅलियर्ड, म्हणजे ते चढवायची दोरी, देतो. तो इतका ओढा की फोरस्टे सैल पडेल. वाऱ्यावर चढताना (वाऱ्याच्या दिशेकडे जाताना) ओताकडचा, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट बाजूचा, श्राउड किंचित ढिला दिसला तर चालेल. लोंबायला लागला, तर जिबची पुढची कड वाकते आणि बोट वर चढेनाशी होते.

बॅटनच्या (शिडाच्या खिशांत बसणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) दोऱ्या खिशावरच्या उभ्या सुरकुत्या जाण्यापुरत्याच आवळा. इथे बरेच जण जोर करतात. मग हलक्या वाऱ्यात टॅक घेतला (नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलली) की शिडाचं पोट जुन्याच बाजूला अडकतं आणि बूम (शिडाखालची आडवी दांडी) धरून झटका द्यावा लागतो. तेवढ्यात बाकीच्या बोटी निघून जातात. वारा वाढला की डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ओढा; पोट पुढे सरकतं आणि शिडाचा माथा उघडतो.

काठी मागे नेली की बोट नाळ वाऱ्याकडे वळवू बघते आणि टिलर (सुकाणूचा दांडा) हात ओढतो. यावर उपाय सुकाणूत आहे, काठीत नाही. सुकाणूच्या पात्याचं खालचं टोक पुढे, बोटीखाली घ्या. हात लगेच हलका होतो. हल्लीच्या कास्टिंगवर (पातं धरणाऱ्या भागावर) त्यासाठी स्क्रू असतो. पिन किंवा बुश झिजले असतील तर वेगात पातं मागे ढळतं आणि केलेलं सगळं वाया जातं, म्हणून आधी ती ढिलाई काढा. शेवटी दोन पात्यांमधलं अंतर एकाच उंचीवर पुढे आणि मागे मोजा: दोन्ही सारखी, किंवा पुढचं जास्तीत जास्त ३ मिमी कमी. फरक जास्त असेल तर टिलर जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकाशी दुरुस्त करा.

श्राउडचं भोक कितवं ते लिहून ठेवा आणि पिनच्या रिंगांवर टेप गुंडाळा. ट्रॅपीझची (बोटीबाहेर लटकताना आधार देणारी) दोरी त्यात अडकून रिंग निघू शकते.