गोव्यातील विद्यापीठात केल्टिक संस्कृती आणि इतिहासाचा कार्यक्रम कसा भरवावा

परदेशी संस्कृतीचा ‘दिवस’ साजरा करण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयांत आता चांगलीच रुळली आहे. केल्टिक संस्कृतीचा दिवस मात्र बहुधा हिरवे कपडे, तिपानी पाने आणि गाठींच्या नक्षीची भित्तिपत्रके एवढ्यावरच आटोपतो, आणि ज्या समाजांनी आपली भाषा टिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांच्या पदरात फारसे काही पडत नाही. गोव्यात भाषेचा प्रश्न घराघराने जवळून पाहिला आहे, त्यामुळे हा विषय इथे अधिक गांभीर्याने आणि अधिक आपुलकीने मांडता येईल, असे मला मनापासून वाटते. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात असो, वा म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या एखाद्या महाविद्यालयात, मराठी किंवा इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी असा कार्यक्रम हाती घेतला तर तो कसा आखावा, हे पुढे सांगितले आहे.

आधी हद्द ठरवावी

‘केल्टिक’ हे मुळात भाषाकुळाचे नाव आहे, वंशाचे नव्हे, ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सर्वांच्या मनात पक्की व्हावी. आज या कुळातील सहा भाषा गणल्या जातात: आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि ब्रिटन व आयर्लंड यांच्या मधल्या मॅन बेटावरची मँक्स ही एक शाखा, वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या वायव्य टोकावरील ब्रिटनी प्रांतातली ब्रेतॉन ही दुसरी. या भाषांचे परस्परांशी असलेले नाते एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने 1707 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि ब्रिटन व आयर्लंडमधील लोकांना ‘केल्ट’ म्हणण्याची चाल त्यानंतर पडली. प्राचीन ग्रीक व रोमन लेखक हे नाव युरोपच्या मुख्य भूमीवरील लोकांनाच लावत असत. संस्कृत आणि मराठी ज्या इंडो-युरोपीय कुळात येतात, त्याच कुळाची ही पश्चिमेकडील शाखा आहे, हे प्रेक्षकांना आरंभीच सांगितले की विषय एकदम परका वाटत नाही.

फलकांवरील मजकूर छापण्यापूर्वी दोन चुका आवर्जून तपासाव्यात. स्टोनहेंज ड्रुइड पुरोहितांनी बांधले, हे वाक्य कुठेही येऊ देऊ नये. ते इसवी सनापूर्वी साधारण 3000 ते 2000 या काळात उभे राहिले आणि ड्रुइडांचे लिखित उल्लेख त्यानंतर कितीतरी शतकांनी सापडतात. आयर्लंडमधील न्यूग्रेंजच्या दगडावरील तिहेरी सर्पिल हल्ली सर्रास ‘केल्टिक चिन्ह’ म्हणून वापरले जाते, पण ती समाधी इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमाराची, म्हणजे तिथे केल्टिक भाषा पोहोचण्याच्या पुष्कळ आधीची मानली जाते.

ऑस्ट्रियातील हालश्टाटच्या कबरी, इसवी सनापूर्वी 52 मध्ये रोमनांनी केलेला अलेसिया या गढीचा पाडाव, केल्सचे चित्रांकित हस्तलिखित, 1845 नंतरचा आयर्लंडमधील भीषण दुष्काळ, हे सारे एका दिवसात कोंबण्याचा मोह टाळावा. एकच प्रश्न निवडावा आणि प्रत्येक सत्र त्याला बांधावे. माझ्या मते सर्वांत समर्पक प्रश्न असा: जी भाषा लिहिली जात नाही, किंवा जिच्यावर बंदी येते, तिच्यातील ठेवा पुढच्या पिढीच्या हाती कसा जातो? रोमन सेनापती सीझरने नोंदवले आहे की गॉलमधील (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधील) ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवणे गैर मानत आणि काही शिष्य ती मुखोद्गत करण्यात वीस वर्षे घालवत. वेदपठणाची परंपरा ठाऊक असलेल्या आपल्या श्रोत्यांना याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तारीख, वेळ आणि पाहुणे

आयरिश परंपरेतील वर्षाचे चार मोठे सण साविन (1 नोव्हेंबर), इम्बोल्क (1 फेब्रुवारी), बेल्टेन (1 मे) आणि लूनसा (1 ऑगस्ट) हे आहेत. नोव्हेंबरचा आरंभ आपल्याकडे दिवाळी आणि सत्रपरीक्षेत अडकतो, मे महिन्यात सुटी असते, ऑगस्टमध्ये मोकळ्या मैदानावर काहीच करता येत नाही, आणि 17 मार्चचा सेंट पॅट्रिक दिन शिगम्याच्या धामधुमीत सापडण्याची शक्यता फार. म्हणून फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरावा. हा सेंट ब्रिजिडचा सण असून 2023 पासून आयर्लंडमध्ये त्यासाठी सार्वजनिक सुटी दिली जाते. त्या वर्षी कार्निव्हल कधी येतो, तेवढे पाहून घ्यावे.

परदेशातील अभ्यासकाला ऑनलाइन बोलवायचे असल्यास फेब्रुवारीत डब्लिन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. ब्रिटनीच्या वक्त्याबाबत हा फरक साडेचार तासांचा होतो. सभागृहाचे आरक्षण, निधीची मंजुरी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी या बाबी नेहमीच्याच आहेत, त्या दीड-दोन महिने आधी मार्गी लावाव्यात.

गोव्याकडून उघडणारा दरवाजा

केल्टिक म्हटले की आयर्लंडच डोळ्यांपुढे येते, पण गोव्याला या विषयात शिरण्यासाठी पोर्तुगालचा दरवाजा अधिक जवळचा आहे. उत्तर पोर्तुगाल आणि स्पेनच्या गालिसिया प्रांतात लोहयुगातील तटबंदीच्या टेकड्या आहेत, ज्यांना ‘कास्त्रो’ म्हणतात. त्यांतील गिमाराईंशजवळच्या सितानिया द ब्रितेयरुश या वस्तीचे उत्खनन फ्रांसिस्को मार्तिंश सार्मेंतो यांनी 1870 च्या दशकात सुरू केले. तिथे गोल दगडी घरांचे पाये आजही पाहायला मिळतात. या लोकांना कितपत केल्टिक म्हणावे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते मतभेद झाकण्याऐवजी फलकावर तसेच मांडावेत. कोइंब्रा या शहराचे नाव ज्या जुन्या कोनिंब्रिगावरून आले, त्यातील ‘ब्रिगा’ हा केल्टिक घटक टेकडीवरच्या गढीचा सूचक आहे, तर त्याच भागातील प्राचीन लुसितानी भाषा केल्टिक होती की नव्हती हा वाद अजून मिटलेला नाही. पोर्तुगीज वाचणारे प्राध्यापक आणि घरातील वडीलधारी माणसे आपल्याकडे आहेत. या विषयावरील पोर्तुगीज लेखनाचा मराठी गोषवारा त्यांच्याकडून करून घेता येईल. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक सकाळ अवश्य घालवावी.

भारताशी जोडणारा दुवाही सांगण्याजोगा आहे. डब्लिनमध्ये जन्मलेले व्हिटली स्टोक्स 1862 पासून वीस वर्षे भारतात होते, व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य झाले, आणि त्याच काळात प्राचीन आयरिश संहितांचे संपादन करत राहिले. त्यांतील एक संग्रह 1877 साली कलकत्त्यात छापला गेला.

प्रदर्शनात पंचांग ठेवावे

प्रदर्शनासाठी मला एकच वस्तू निवडायला सांगितली तर मी कोलिन्यीच्या पंचांगाची मोठी प्रतिकृती निवडेन. 1897 साली फ्रान्समध्ये ल्याँजवळ सापडलेल्या या कांस्यपटाचे तुकडे जोडल्यावर गॉलिश भाषेतील पाच वर्षांचे पंचांग हाती आले. त्यात 62 चांद्रमास आहेत, म्हणजे साठ नेहमीचे आणि दोन अधिक. प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडलेले असून दुसऱ्या भागात दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आपल्या शुक्ल आणि कृष्ण पक्षांची सवय असलेल्या माणसाला ही मांडणी पाहताक्षणी कळते. वेदांग ज्योतिषातील युगही पाच वर्षांचे आणि 62 चांद्रमासांचे आहे.

इथे सावधगिरी हवी. या साम्यावरून एकाने दुसऱ्याचे घेतले असा निष्कर्ष काढू नये. फलकाशेजारी कागद आणि पेन्सिल ठेवावी आणि पाहणाऱ्यालाच गणित करू द्यावे: 29.53 दिवसांचे 62 महिने म्हणजे सुमारे 1831 दिवस, तर पाच सौर वर्षे म्हणजे सुमारे 1826 दिवस. चंद्र आणि सूर्य या दोघांना एका हिशेबात बसवू पाहणारा कोणताही समाज अशा आकड्यापाशी येऊ शकतो, हे तो स्वतःच ताडतो. शेजारी नेहमीचे मराठी पंचांग अधिक मासाच्या पानावर उघडून ठेवावे.

वादन, कथा आणि हातकाम

संगीताच्या सत्रासाठी बाहेरून वाद्यवृंद मागवण्याची गरज नाही. स्टाफ नोटेशन वाचणारे व्हायोलिनवादक गोव्यात गावोगावी आहेत, आणि जिग व रील या आयरिश नृत्यधुनांची नोटेशन्स सहज मिळतात. जिग सहसा 6/8 मध्ये असते. मांडो या गोव्याच्या गीतप्रकाराच्या संथ 6/4 शी तिची तुलना एकाच वादकाने दोन्ही वाजवून दाखवावी. तालासाठी घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य घ्यावे. आयरिश बाउरॉन हे बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले कडे असते. उजव्या हातातील छोट्या काठीने आघात करताना डावा हात मागून कातड्यावर दाब देतो आणि नाद चढवतो-उतरवतो. घुमटातही एक हात कातड्यावर असताना दुसरा मडक्याच्या उघड्या तोंडावर फिरून नाद बदलतो. दोन वाद्ये जवळजवळ बसवून हे हात प्रेक्षकांना दिसतील अशी बैठक ठेवावी, व्यासपीठ उंच नको. ब्रिटनीतील बोंबार्ड हे आपल्या सनईसारखे दुहेरी पत्तीचे वाद्य आहे. देवळातील सनईवादक यायला तयार असतील तर त्यांना मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि ब्रेतॉन वादनाचे ध्वनिमुद्रण ऐकवून त्यांचे मत सर्वांसमोर विचारावे.

कथेसाठी आयर्लंडमधील कूलन्या या भागातील गुरांच्या लुटीची वीरकथा घ्यावी, जिची जुनी लिखित रूपे बाराव्या शतकातील हस्तलिखितांत आढळतात. राणी मेव आणि तिचा नवरा आलिल शय्येवर पडल्या पडल्या कोणाची संपत्ती अधिक यावर हुज्जत घालतात. भांडी, अंगठ्या, वस्त्रे, मेंढ्या, घोडे, डुकरे सारे आणून मोजले जाते, बरोबरी होते, आणि फक्त एका बैलापायी राणी कमी पडते. मग तसाच दुसरा बैल मिळवण्यासाठी युद्ध पेटते. दशावतारी ढंगाने, लिहिलेल्या संवादांशिवाय, हा प्रवेश दोन विद्यार्थ्यांनी रंगवला तर पेडण्या-डिचोलीच्या प्रेक्षकांना तो आपलाच वाटेल, आणि विराटपर्वातील गोहरणाची आठवण त्यांना आपसूक होईल. कथा मराठीत सांगावी, नावे मात्र मूळची ठेवावीत.

हातकामासाठी ब्रिजिडचा क्रूस उत्तम. आयर्लंडमध्ये तो लव्हाळ्याचा विणतात. इथे माडाच्या ओल्या चुडताच्या पाती घ्याव्यात आणि हीर काढून सारख्या रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. पहिली पट्टी उभी धरावी. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अशी अडकवावी की तिची दोन्ही टोके उजवीकडे जातील. मग सारे काही अंगठ्याखाली घट्ट धरून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावे, आणि पुढची पट्टी दुमडून आता वर आलेल्या पट्ट्यांवरून पुन्हा उजवीकडे न्यावी. दर पट्टीनंतर हाच फेरा. मध्यभागी चौकोन भरत गेला की चारही भुजा दोऱ्याने बांधून टोके छाटावीत. झावळ्यांच्या रविवारासाठी पाती विणणारी वयस्क माणसे शिकवायला मिळाली तर याहून चांगले शिक्षक नाहीत. ब्रिजिड ही ख्रिस्ती संत आहे आणि त्याच नावाची देवी प्राचीन आयरिश साहित्यातही येते, हे दोन्ही बाजूंचा मान राखून सांगावे.

परिसंवाद

या सत्राची तयारी सर्वांत काळजीपूर्वक करावी. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवला जाई. गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला होता. मँक्सचा अखेरचा जन्मजात भाषक 1974 साली वारला, तरी ती भाषा आज मॅन बेटावरील मुले शाळेत शिकतात; आणि वेल्श दूरचित्रवाहिनी 1982 साली सुरू झाली त्यामागे वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्फोर एव्हन्स यांनी दिलेला आमरण उपोषणाचा इशारा होता. या तथ्यांपासून सुरुवात केली की मराठी, कोंकणी आणि शिक्षणाचे माध्यम यांवरील चर्चा अनुभवाच्या पायावर उभी राहते. व्यासपीठावर दोन्ही भाषांचे वक्ते असावेत आणि कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या 1987 च्या कायद्याविषयी तीव्र मते असणाऱ्यांनाही बोलू द्यावे. सूत्रसंचालक मात्र अनुभवी प्राध्यापक असावा.

मागे उरणारे काम

आयर्लंडमध्ये 1937 ते 1939 या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी, घरगुती औषधे, हवामानाचे ठोकताळे, खेळ आणि सणांच्या चाली वह्यांत उतरवल्या. ते साहित्य आज ऑनलाइन खुले आहे, आणि त्यामागे असलेल्या लोकसाहित्य आयोगाच्या संग्रहाला 2017 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळाले. आपल्या कार्यक्रमाचा गाभा हाच असावा, असे मी आग्रहाने सांगेन. जानेवारीच्या सुरुवातीलाच प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याला एक वही द्यावी आणि घरातील किंवा वाड्यावरील एका वृद्ध व्यक्तीकडून धालोचे गीत, जात्यावरची ओवी, देवस्थानाची कथा किंवा पावसाचा अंदाज बांधण्याची रीत, बोलीत बदल न करता, जशीच्या तशी लिहून आणायला सांगावे. सांगणाऱ्याचे वय, गाव आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकले, हे तीन तपशील सक्तीचे ठेवावेत. निवडक नोंदींचे वाचन कार्यक्रमाच्या अखेरच्या सत्रात करावे आणि शक्य तिथे सांगणाऱ्या व्यक्तीलाच आणून पहिल्या रांगेत बसवावे.

वाचन आणि प्रसिद्धी या दोन्हींसाठी सांगणाऱ्याची लेखी संमती स्वतंत्रपणे घ्यावी. वह्यांची एक प्रत विभागात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि एक त्या कुटुंबाकडे द्यावी; ध्वनिमुद्रण केले असेल तर प्रत्येक फाइलच्या नावातच गाव, तारीख आणि संमती मिळाल्याची नोंद करावी.