पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही: नव्या पीसीचं दुखणं शोधायचं कसं

पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले, रात्री जागून पीसी जुळवला आणि बटण दाबल्यावर स्क्रीन काळीच राहिली, की लगेच चार जणांचे चार सल्ले येतात. कोणी म्हणतं मदरबोर्ड गेला, कोणी म्हणतं प्रोसेसर जळला. यातलं काहीही ऐकण्याआधी नेमकं काय होतंय ते नीट बघा. काहीच हलत नसेल तर कारण वेगळं, पंखे फिरून डिस्प्ले येत नसेल तर वेगळं, आणि बायोस (बोर्डाचं स्वतःचं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) दिसतोय पण विंडोज बसत नसेल तर त्याचा बोर्डाशी बहुधा काही संबंध नसतो.

काहीच हलत नाही

एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच चालू आहे का ते पाहा, आणि २४ पिनांचा जाडा कनेक्टर खटका वाजेपर्यंत बसलाय का तेही. मग कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. पेठांतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला कधीही लावू नका, कनेक्टर बरोब्बर बसत असला तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते, त्यात डिस्क आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

ही पायरी मला सुरुवातीला फार छळायची. पंखे फिरतात, दिवे लागतात, म्हणजे वीज सगळीकडे पोचते असं वाटतं. तसं नसतं. प्रोसेसरला त्याची स्वतंत्र वीज लागते. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा कनेक्टर लावायचा राहिला तरी पंखे मजेत फिरत राहतात. तिथे चार अधिक चार अशी दुभंगणारी केबल लागते. सहा अधिक दोनवाली ग्राफिक कार्डाची असते. ती तिथे बसत नाही आणि बसवायचीही नाही.

दुसरी तपासणी मॉनिटरच्या केबलची. ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नको. प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल, जसं आय५ १२४००एफ, किंवा तो रायझन ५ ५६०० असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. बोर्डावरच्या एचडीएमआयमधून मग काही दिसणार नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर बोर्डाच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) अशी नावं असलेले चार बारीक दिवे शोधा. दिवा ज्या नावावर अडकून राहतो तिथून शोध सुरू करायचा. काही स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. अशा वेळी बीप देणारा छोटा स्पीकर आणून लावा, किरकोळ किमतीत मिळतो.

नव्या पीसीत दिवा बहुतेक वेळा डीरॅमवर अडकतो, आणि चुकीच्या सल्ल्यांचा पाऊसही इथेच पडतो. सगळ्यात वाईट सल्ला रॅमची सोनेरी कड खोडरबराने घासण्याचा. नव्या रॅमच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो, त्यावर गंज चढलेला नसतो. रबर घासून तो मुलामा खरवडला जातो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. जुन्या, धुळीत पडलेल्या मशीनसाठीचा उपाय नव्या मशीनवर करू नका.

त्याऐवजी पीसी बंद करून एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांवर त्याला ए२ म्हणतात. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, शेजारी शेजारी नाही. दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबा. एकाच बाजूला खटका असलेला बोर्ड असेल तर बिनखटक्याची बाजू अर्धवट वर राहते, ती डोळे जवळ नेऊन बघा.

आता डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पहिल्यांदा वीज दिली की बोर्ड रॅमची वेळ जुळवत बसतो. या काळात डीरॅमचा दिवा पेटलेला आणि स्क्रीन काळी, म्हणजे दिसायला सगळं बिघडल्यासारखंच. याला कित्येक मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. कोथरूडला ओळखीतल्या एका मुलाचा रायझन ५ ७६०० चा पीसी असाच अडला होता. मिनिटभर वाट बघायची, बंद करायचं, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून बायोस रिसेट करायचा आणि पुन्हा चालू, असं त्याचं सकाळपासून चाललं होतं. दुकानदाराने फोनवरच 'बोर्ड बदलावा लागेल' म्हणून सांगून टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, "आता बटणाला हात लावू नकोस, चहा टाक." चहा कपात ओतेपर्यंत पंख्याचा आवाज बदलला, पिवळा दिवा डीरॅमवरून व्हीजीएवर सरकला, विझला आणि बोर्डाचा लोगो समोर आला. मध्येच बंद केलं की ही जुळवणी पहिल्यापासून होते, आणि सेल काढला की झालेली जुळवणीही पुसली जाते. म्हणून घड्याळ लावून पंधरा मिनिटं सोडून द्या. सेल काढणं हा पहिला उपाय नाही.

पंधरा मिनिटांनीही दिवा हलला नाही तर दुसरी रॅम, मग दुसरा स्लॉट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि पीसी सुरू झाला, तरी दोष कशात होता ते कळत नाही आणि पंधरवड्याने तोच दोष परत उभा राहतो. यावर मी कोणाचंही ऐकत नाही.

तरीही तसंच असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि वीज एवढंच, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. इथे डिस्प्ले आला तर कॅबिनेटमध्ये एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंटा) बहुधा बोर्डाला मागून टेकतोय. नाही आला तर कूलर आणि प्रोसेसर काढा आणि मोबाइलच्या टॉर्चने सॉकेटमधल्या पिना तिरप्या प्रकाशात बघा. सरळ रांगेतली एखादी पिन वाकलेली असेल तर प्रकाश तिथे वेगळा चमकतो. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले तरी रॅमचा एक चॅनल गायब होतो. ते तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.

दिवा सीपीयूवर अडकला आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नव्या पिढीचा असेल तर बहुधा बायोस जुना आहे, उदाहरणार्थ बी६५० वर रायझन ९०००. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो. फाइलचं नाव आणि यूएसबी पोर्ट पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच हवेत. हे काम गुरुवारी काढू नका. महावितरणची देखभालीची बंदी बहुधा त्याच दिवशी असते, आणि मध्येच वीज गेली तर चांगला बोर्ड निकामी होऊ शकतो.

विंडोज बसत नाही

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्याच टूलने बनवा, कोणाकडून आलेली फाइल नको. नवी डिस्क सोडून बाकी सगळ्या डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूटचा भाग जुन्या डिस्कवर जाऊन बसतो आणि ती काढल्या दिवशी पीसी उठत नाही. बूट मेनूमध्ये पेनड्राइव्हची यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा. एमबीआरची (डिस्कच्या जुन्या पद्धतीच्या मांडणीची) तक्रार आली तर त्या नव्या, रिकाम्या डिस्कवरची पार्टिशन्स पुसून पुढे जा.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या काही मशीनवर डिस्कची यादीच रिकामी दिसते, तेव्हा डिस्क खराब ठरवून परत करायला धावू नका. बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं. ते बंद करा किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या.

इंटरनेट मागणाऱ्या पानावर अडलात तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा, म्हणजे इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही.

फाइल्स कॉपी होताना दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर निळी स्क्रीन येत असेल तर विंडोजला दोष देऊ नका. बायोसमधलं एक्सपो किंवा एक्सएमपी बंद करून रॅम मूळ वेगावर आणा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी ती रॅम बदलून घ्या. दुकानदार 'एवढं चालतं' म्हणाला तरी नाही.

आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण बोर्डाच्या खोक्यात जपून ठेवा. वॉरंटीला बोर्ड देताना ते लावलेलं नसेल तर काही कंपन्या बोर्ड घेतच नाहीत.